दिवा हिरवाच राहिला: वेदर स्टेशन घराला जोडताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातल्या पुनरुक्ती थोड्या कमी केल्या आहेत, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की घरावर वेदर स्टेशन बसवलंय, ते होम असिस्टंटला जोडायचं कसं? आज तेच सांगणार आहे. पण फक्त जोडणी सांगून थांबणार नाही. जोडणी एका रविवारी होते. त्यानंतर माझी जी चूक झाली, ती समजायला मला एक अख्खा मे महिना लागला आणि आईची चार दिवसांची मेहनत त्यात गेली. म्हणून आधी घराबद्दल सांगतो.

आमचं घर राजापूर तालुक्यात. मी पुण्यात, आई गावी एकटी. वय एकाहत्तर. एप्रिल-मेमध्ये ती आमसुलं करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रातांबे फोडायचे, साल वेगळी करायची, गराला मीठ लावून आगळ काढायचं, आणि ती सालं आगळात बुडवून उन्हात वाळवायची. वाळली की परत बुडवायची, परत वाळवायची. याला पूट देणं म्हणतात. अशी चार-पाच पुटं, कधी जास्त. म्हणजे तेवढे दिवस सगळा माल खळ्यात उघड्यावर. त्यात वळवाचा पाऊस पडला तर मीठ-आंबट धुऊन जातं आणि दोन दिवसांत बुरशी धरते. आईची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. हे तिचे स्वतःचे पैसे आहेत, आणि त्याबद्दल ती कोणाला हिशेब देत नाही.

अडचण अशी, की तिला आता ऐकू कमी येतं. मागच्या पडवीत काम करत असली की पुढे पत्र्यावर थेंब वाजलेले कळत नाहीत. म्हणून मी ठरवलं, स्टेशन बसवायचं आणि स्वयंपाकघरात व पडवीत एकेक दिवा लावायचा. हिरवा म्हणजे निवांत. लाल म्हणजे वाळवण उचल.

आता जोडणी. स्टेशनचे दोन भाग असतात. बाहेरचं युनिट, ज्यात तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजला जातो, आणि घरातला डिस्प्ले. दोघं एकमेकांशी रेडिओवर बोलतात. जोडायचे सोपे मार्ग दोन. पहिला: डिस्प्लेला वायफाय असेल आणि माहिती आपण सांगू त्या पत्त्यावर पाठवायची सोय असेल, तर तिथे होम असिस्टंटचा घरातला पत्ता टाकायचा. इकोविट प्रकारच्या स्टेशनांना हे जमतं. एक लक्षात ठेवा, तिथे साधं एचटीटीपी लागतं, एचटीटीपीएस चालत नाही. अर्धे लोक इथेच अडकतात.

दुसरा मार्ग माझा. माझा डिस्प्ले फक्त कंपनीच्या सर्व्हरवर माहिती पाठवायचा. आणि आमच्याकडे वारा सुटला की सगळ्यात आधी इंटरनेट जातं. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी दिवा आंधळा. म्हणून मी डिस्प्लेला बाजूला ठेवलं आणि बाहेरच्या युनिटचा रेडिओच थेट ऐकला. त्यासाठी आरटीएल-एसडीआर डोंगल लागतं. मुळात हे यूएसबीवर टीव्ही बघायचं स्वस्त यंत्र. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की यातून जवळजवळ कुठलाही रेडिओ ऐकता येतो. ते रास्पबेरी पायला लावायचं आणि आरटीएल ४३३ नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवायचा. शेकडो प्रकारच्या सेन्सरची भाषा त्याला कळते. माझं स्टेशन ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतं. तुमचं ८६८ किंवा ९१५ वर असू शकतं, खोक्यावर बघा आणि अँटेना त्याप्रमाणे घ्या.

हा प्रोग्रॅम प्रत्येक नोंद एमक्यूटीटीवर टाकतो आणि होम असिस्टंट ती तिथून उचलतो. एमक्यूटीटी म्हणजे गावातली नोटीस लावायची पाटी समजा. एक जण लावतो, ज्याला हवं तो वाचतो. इंटरनेट कुठेच नाही. राउटर आणि पाय इन्व्हर्टरवर.

पहिल्या दिवशी मी पावसाच्या मापकावर दिवा जोडला. पाऊस मोजला गेला की लाल. आई हसली. म्हणाली, "पाऊस पडल्यावर सांगणार? तेवढं मलाही कळेल, डोक्यावर पडल्यावर."

खरंच होतं. पर्जन्यमापकात एक छोटा दुहेरी चमचा असतो. एक बाजू भरली की कलंडते, दुसरी भरू लागते. माझ्या मापकात एका कलंडीला ०.३ मिलिमीटर. म्हणजे तो पहिला आकडा येईपर्यंत दर चौरस मीटरवर तीनशे मिलिलिटर पाणी पडलेलं असतं. वाळवण तोवर भिजलं.

मग मी तिलाच विचारलं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "वारा फिरतो." मे महिन्यात दुपारी आमच्याकडे वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. वळवाचे ढग घाटावर चढतात. तिथे पाऊस कोसळायला लागला की गार हवा खाली आदळून पुढे पळते आणि आमच्या खळ्यात अचानक पूर्वेकडून गार झुळूक येते. पाऊस त्याच्यामागून. किती मागून? कधी दहा मिनिटं, कधी वीस.

हे तर मोजता येतं! म्हणून नियम बदलला. पंधरा मिनिटांत तापमान तीन अंशांनी उतरलं, आणि वाऱ्याची दिशा पूर्वेची झाली, की लाल. होम असिस्टंटमध्ये बदलाचा वेग काढायला डेरिव्हेटिव्ह नावाची सोय आहे, ती वापरली. दिशेची मात्र साधी सरासरी काढू नका. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही उत्तरेचेच वारे. त्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे बरोब्बर दक्षिण! साइन-कोसाइन वापरून सरासरी काढावी लागते.

आणि युनिट कौलांवर ठेवू नका. तापलेल्या कौलांची हवा मोजली जाते. मी खळ्याच्या कडेला, मोकळ्या जागी, दीड मीटरवर खांब लावला. वाऱ्यासाठी उंची कमी आहे, कबूल. पण मला वेग नको होता, फिरलेला वारा हवा होता.

हे झकास चाललं. पहिल्या तीन आठवड्यांत दिवा दोनदा लाल झाला, दोन्ही वेळा वाळवण वाचलं. आई शेजारच्या काकूंना दिवा दाखवायला लागली. मी पुण्यात कॉलर ताठ करून फिरत होतो.

मग तो दिवस. चौथं पूट उन्हात होतं. दुपारी साडेतीनला मला फोन आला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, सगळं भिजलं. दिवा हिरवाच होता. मी दिव्याकडेच बघत राहिले, आभाळाकडे बघितलंच नाही."

मी आलेख उघडला. अकरा वाजून दहा मिनिटांनी तापमान ३३.८. बाराला ३३.८. दोनला ३३.८. साडेतीनला, धो धो पावसात, ३३.८. सरळ रेघ. पत्र्याखालच्या खोलीत डोंगल तापून अडकलं होतं. प्रोग्रॅम मेला नव्हता, नुसता बहिरा झाला होता. आणि होम असिस्टंटला शेवटचा आकडा ठाऊक होता, तोच तो चार तास खरा धरून बसला. तापमान उतरत नाही, वारा फिरत नाही, म्हणजे सगळं निवांत. हिरवा.

यात यंत्राचा दोष थोडा, माझा जास्त. एमक्यूटीटीमध्ये मृत्युपत्राची सोय आहे. इंग्रजीतही त्याला तेच नाव आहे. जोडलेलं यंत्र अचानक गेलं, तर त्याने आधीच लिहून ठेवलेला निरोप पाटीवर लागतो. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर, उपग्रहाच्या तुटक्या-फुटक्या संपर्कातून लक्ष ठेवायला हा प्रकार तयार झाला. तेव्हापासून त्या लोकांना ठाऊक होतं, की गप्प बसणं ही सुद्धा एक बातमी आहे. पण मृत्युपत्र मेल्यावर उघडतं. माझा प्रोग्रॅम जिवंत होता. त्यामुळे त्याचाही उपयोग झाला नसता.

मग दुरुस्ती केली ती तीन पायऱ्यांत. लिहून घ्या.

एक. होम असिस्टंटमध्ये प्रत्येक एमक्यूटीटी सेन्सरला एक्स्पायर आफ्टर नावाची मुदत देता येते. न दिल्यास आकडा कधीच शिळा होत नाही. माझं युनिट दर सोळा सेकंदांनी बोलतं, म्हणून मी मुदत ३०० सेकंद ठेवली. त्यानंतर आकडा जातो आणि 'उपलब्ध नाही' असं दिसतं. शिवाय निरोप पाटीवर कायम चिकटवून ठेवणारी रिटेन ही खूण सेन्सरसाठी बंद ठेवा. नाहीतर मशीन परत सुरू झाल्यावर कालचा आकडा आजचा म्हणून वाचला जातो.

दोन. नियम उलटा केला. आधी असा होता: धोका असेल तर लाल, नाहीतर हिरवा. त्या 'नाहीतर'मध्ये सगळं बुडालं. आता तिसरा रंग आहे, निळा. दिवा मुळात निळाच असतो. ताजे आकडे आहेत आणि ते निवांत आहेत, तरच हिरवा.

तीन. पायच बंद पडला तर? दिवा शेवटच्या रंगातच राहील. म्हणून साधा स्मार्ट बल्ब काढून टाकला आणि छोट्या ईएसपी बोर्डवर दिवा बसवला. होम असिस्टंटकडून दर मिनिटाला 'मी आहे' असा निरोप यायला हवा. पाच मिनिटं आला नाही, तर बोर्ड स्वतःहून निळा होतो. आणि दिवा विझला असेल तर तोही निळाच समजायचा.

डोंगल खिडकीजवळ हवेशीर जागी हलवलं. मग आईसमोर सगळं बंद करून दाखवलं. आधी डोंगल उपटलं, मग पायची वायर. ती घड्याळ घेऊन बसली होती. दोन्ही वेळा निळा झाल्यावर म्हणाली, "म्हणजे निळा झाला की आभाळ बघायचं." मी म्हटलं, "हो. आणि हिरवा असला तरी अधूनमधून बघ."

ते भिजलेलं चौथं पूट वाया गेलं. गिऱ्हाइकांना तिने स्वतः फोन करून सांगितलं, यंदा कमी आहे. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत.

यंदाच्या मेमध्ये दिवा तीनदा लाल झाला. दोनदा पाऊस आला, एकदा नुसताच वारा. निळा किती वेळा झाला ते मी मोजलं नाही, पण आईने मोजलंय. अकरा. तिच्या मते हे फार आहेत, आणि पुढच्या खेपेला गावी गेलो की मला ते कमी करायचे आहेत.

तुमच्या घरी काहीही जोडलेलं असेल, पाण्याच्या टाकीचा सेन्सर, गॅसचा, दाराचा, तर आज एक करा. त्याची वायर काढा किंवा सेल काढा आणि बघा, घर तुम्हाला काय सांगतं. काहीच सांगत नसेल, तर तुमचाही दिवा हिरवाच आहे.

पुढच्या भागात पर्जन्यमापक घरच्या घरी कसा तपासायचा ते बघू. एक सलाईनची नळी आणि मोजलेलं पाणी, एवढंच लागतं. तोवर नमस्कार.