पासष्ट दिवस मागे

कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक हमखास म्हणतात, 'फुलांच्या मळ्यात वाढलेला हा कवी...' लोक टाळ्या वाजवतात. त्यांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते मला कळतं. वारा, सुवास, फुलपाखरं. माझ्या डोळ्यांसमोर येतात ती अम्माची बोटं. झेंडूच्या रसानं काळी पडलेली, साबणानं न निघणारी.

श्रोतेहो, आज मी त्या मळ्याविषयी बोलणार आहे. मिरजेच्या पूर्वेला पानमळ्यांचा पट्टा आहे. तिथं आमची सव्वा एकर जमीन. त्यातल्या तीस गुंठ्यांत फुलं, उरलेल्यात घरापुरती ज्वारी आणि भाजी. अब्बांनी फुलं लावली ती हौसेनं नव्हे. ऊस लावावा तर विहिरीचं पाणी पुरत नव्हतं, आणि उसाचा पैसा वर्षातून एकदा यायचा. घरात खाणारी सात तोंडं होती. फुलाचं तसं नसतं. चार दिवसांनी तोडा, आणि तोड्यामागे पट्टी. पट्टी म्हणजे अडत्याची हिशेबाची चिठ्ठी. वजन, दर, अडत, हमाली, आणि खाली उरलेले पैसे. आम्हा भावंडांच्या फिया, वह्या, दवाखाना, सगळं त्या पट्ट्यांवर चाललं. माझं बी. ए. निशिगंधावर झालं, असं अम्मा सांगायची. बाजारात त्याला गुलछडी म्हणतात.

आमच्या घराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असत. एक 'कालनिर्णय' आणि दुसरं मशिदीतून मिळालेलं हिजरी तारखांचं. पाहुण्यांना वाटे, काय सलोख्याचं घर आहे! सलोखा होताच, पण कॅलेंडरं त्यासाठी नव्हती. ती शेतीची अवजारं होती. ज्याचं पीक ज्वारी आहे त्याला पाऊस कळला की पुरतं. ज्याचं पीक फूल आहे त्याला लोकांचे दिवस कळावे लागतात. पितृपक्षात हाराचं गिऱ्हाईक कमी, मोहरमात मुसलमानांची लग्नं नाहीत, पौषात हिंदूंची फारशी नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना शेवंती हवी. शब-ए-बरातला कबरस्तानात फुलं लागतात, आणि ती रात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. अब्बा सातवी शिकलेले. पण ही दोन्ही पंचांगं त्यांना बोटांवर पाठ होती.

सगळ्यांत मोठा हिशेब दसऱ्याचा. झेंडूचं रोप शेतात लावल्यापासून साधारण साठ-पासष्ट दिवसांनी फूल हातात येतं. म्हणून दसऱ्यापासून पासष्ट दिवस मागे मोजायचे आणि त्या दिवशी लावण करायची. ऐकायला सोपं आहे. पण दसरा एका जागी थांबत नाही. 2023 साली अधिक श्रावण होता. दसरा 24 ऑक्टोबरला आला, म्हणजे लावण 20 ऑगस्टची. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला होता, म्हणजे लावण 29 जुलैची. बावीस दिवसांचं अंतर! गेल्या वर्षीच्या तारखेनं लावणारा फसलाच. फुलं येतात, भरभरून येतात, पण ती कुणाला नको असतात.

या झेंडूची एक गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, ते फूल मूळचं मेक्सिकोचं. पोर्तुगीजांबरोबर ते इकडं आलं असं सांगतात. तिकडं नोव्हेंबरच्या सुरुवातीला लोक आपल्या मृतांची आठवण करतात, तेव्हा घरात आणि थडग्यांवर याच फुलांच्या राशी घालतात. निशिगंधही मेक्सिकोचाच, शेवंती चीनची. आपल्या देवघरातल्या पाटीतली निम्मी फुलं परमुलखातून आलेली आहेत. इतकी वर्षं इथल्या मातीत राहिल्यावर त्यांना कुणी गाव विचारत नाही.

आता वर्षाचं काम सांगतो. चैत्र-वैशाखात निशिगंधाचे कंद लावायचे. ते एकदा लावले की दोन-तीन वर्षं फुलं देतात. शेवंतीच्या काश्या, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेले कोंब, उन्हाळ्याच्या शेवटी लावायचे. महिन्यानं त्यांचे शेंडे खुडायचे. लहानपणी मला हे काम क्रूर वाटे. जोमात वर निघालेलं रोप, आणि आपण त्याचं डोकं खुडायचं! पण शेंडा खुडला की बाजूनं फुटवे येतात आणि एका फुलाच्या जागी दहा लागतात. श्रावणात भांगलण, मग औषध, मग पाणी. आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत तोडणी.

निशिगंध रात्री उमलतो, म्हणून तो उजाडायच्या आत तोडावा लागतो. पहाटे चारला अम्मा आम्हाला उठवायची. एकानं कंदील धरायचा, दोघांनी तोडायचं. दवानं कपडे गुडघ्यापर्यंत भिजायचे. फुलं बुट्टीत भरून वर ओलं फडकं बांधायचं आणि पहिल्या एस. टी.च्या टपावर बुट्ट्या चढवायच्या. एस. टी. चुकली तर त्या दिवशीचं फूल संपलंच. दूध उरलं तर दही लावता येतं, फूल उरलं तर काही लावता येत नाही.

शेवंतीचा एक अनुभव सांगतो. एका वर्षी श्रावणात आमच्या बांधाजवळच्या खांबावर रस्त्याचा दिवा आला. आम्ही पोरं खूश. रात्री त्याच्याखाली बसून मी अभ्यासही केला. दसरा झाला, सगळ्या शेवंतीत कळ्या भरल्या. फक्त खांबाजवळच्या पाच सऱ्या तशाच राहिल्या. उंच, हिरव्यागार, आणि कळीचा पत्ता नाही. अब्बांना वाटलं, तिथं खत जास्त पडलं. शेवटी शेतकीचं शिक्षण घेणाऱ्या एका ओळखीच्या मुलानं उलगडा केला. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. दिव्याखालच्या झाडांना रात्र झालीच नव्हती. ज्या उजेडात माझा अभ्यास झाला त्यानं पाच सऱ्या वांझ ठेवल्या. पुढच्या वर्षी अब्बांनी शेताच्या बाजूनं त्या दिव्याला पत्रा लावून घेतला. म्हणाले, "फूल काय आंधळं नसतं. त्याचाही हिशेब असतो."

आता 2001 सालाकडे येतो. त्या वर्षी अधिक आश्विन होता आणि दसरा 26 ऑक्टोबरला. अब्बांनी बोटं मोजून 22 ऑगस्टला झेंडू लावला. शेजारच्या शेतात आदल्या वर्षीच्या अंदाजानं ऑगस्टच्या सुरुवातीलाच लावण झाली होती. त्यांचा झेंडू अधिक महिन्यात पिवळाधमक झाला, पण गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या शेतात तेव्हा नुसती हिरवी बोंडं. अब्बा रोज संध्याकाळी सरीतून हिंडून यायचे आणि म्हणायचे, "येतंय बरोबर."

नवरात्रात, सहाव्या माळेला पहाटे अब्बा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि तासाभरात सगळं संपलं. दुपारी दफन झालं. तिसऱ्या दिवशी ज्यारत, म्हणजे कबरीवर फुलं घालून दुवा मागायची. आणि तो तिसरा दिवस म्हणजे आठवी माळ. दसऱ्याच्या बाजाराचा पहिला तोडा त्याच दिवशी करायचा होता.

आम्ही भावंडं सुन्न बसलो होतो. तोड्याचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. झुंजुमुंजू झालं आणि बांधावर बायकांचा आवाज आला. नेहमी कामाला येणाऱ्या सातही जणी आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यातली थोरली आक्का दारात येऊन अम्माला म्हणाली, "भाभी, भावानं दिस मोजून लावलंय. त्याचा दिस चुकवायचा न्हाई." आणि त्या सरीला लागल्या.

अम्मा इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घरात राहायचं असतं. ती शेतात जाऊ शकत नव्हती. पण काटा घरात होता. ती उंबऱ्याच्या आत बसली, पोती दारात आली, आणि तिनं एकेक वजन करून भावाला लिहायला सांगितलं. ज्यारतीसाठी एक बुट्टी बाजूला काढली होती. ती भाऊ तशीच घेऊन निघाला. अम्मा म्हणाली, "थांब. तीपण तोल." अब्बांचा नेम होता. शेतातून निघालेलं प्रत्येक फूल वहीत लागलं पाहिजे, मग ते विकलेलं असो की कुणाला दिलेलं. भावानं बुट्टी काट्यावर ठेवली. वहीत त्या दिवशीच्या शेवटच्या ओळीत अजून आहे : 'झेंडू, दोन किलो, घरखर्च.'

मी तेव्हा कवी म्हणून थोडाफार ओळखला जात होतो. त्या दिवसानंतर बरेच महिने मला फुलावर ओळ लिहिता आली नाही. मळा सांभाळणारा धाकटा भाऊ माझ्या कविता वाचतो. एकदा तो म्हणाला, "भाईजान, तुमच्या कवितेत फूल उमलतं, कोमेजतं, कुणाच्या केसात जातं. पण ते कधी तोललं जात नाही." यात टोमणा नव्हता. त्यानं एक चूक दाखवली होती. मला तिचं उत्तर अजून देता आलेलं नाही.

भावाच्या वाट्याला आलेले दिवस अब्बांच्या हिशेबातही बसले नसते. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. शेत फुललेलं, बाजार बंद, देवळं बंद. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शब-ए-बरात आली, तेव्हा कबरस्तानंही बंद होती. भावानं उभ्या फुलांत रोटर फिरवला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर मोठा पाऊस झाला आणि दसऱ्याच्या तोंडावर निम्मा झेंडू झाडावरच कुजला. उरलेल्या निम्म्याला त्यानं आजवर न पाहिलेला दर मिळाला. तो म्हणाला, "माल असतो तेव्हा दर नसतो, दर असतो तेव्हा माल नसतो. दोन्ही एकाच वेळी बघायला मिळाले की त्याला आपण चांगलं साल म्हणतो."

दसऱ्याच्या संध्याकाळी कधी बाजाराच्या रस्त्यावरून चाललात तर बघा. सकाळी ज्या झेंडूसाठी घासाघीस चालली होती, त्याचे ढीग कडेला पडलेले असतात. शेतकरी ते टाकून जातो, कारण परत न्यायला टेम्पोचं भाडं फुलांपेक्षा जास्त होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या ढिगांचं छायाचित्र येतं. त्यात शेतकरी दिसत नाही. तो रिकामी पोती घडी करून केव्हाच गावाकडं निघालेला असतो. अलीकडे त्याच रस्त्यावर प्लास्टिकच्या माळाही लटकलेल्या असतात. त्यांचं बरं आहे, त्या पुढच्या वर्षीही चालतात. त्यांच्यासाठी कुणाला दिवस मोजावे लागत नाहीत.

फूल महाग घ्या असं मी म्हणणार नाही. सणाचा खर्च मलाही कळतो. फक्त पुढच्या दसऱ्याला पोत्यावर मांडलेल्या झेंडूपुढं उभे राहाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की समोरच्या माणसानं हा दिवस पासष्ट दिवस आधी मोजलेला आहे. उद्या त्याच्याकडे विकायला काही नसेल.

2025 च्या जुलैत भावाचा फोन आला. "एकोणतीसला लावण आहे. येताय ना?" मी दरवर्षी जातो. आता वाकलं की कंबर बोलते, तरी दोन सऱ्या लावतो. पुतण्या कंपनीत नोकरी करतो. मळा पुढं चालवणार की नाही हे त्यानं अजून सांगितलेलं नाही आणि भावानं विचारलेलं नाही. त्या दिवशी तो सुट्टी काढून आला होता. मोबाईल काढून त्यानं दसऱ्यापर्यंतचे दिवस मोजले आणि म्हणाला, "पासष्ट. बरोबर आहे."

भाऊ तोवर बोटांवर मोजून मोकळा झाला होता. त्यानं पुतण्याच्या हातात वही दिली आणि म्हणाला, "मग लिही."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)