विहिरीची वही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तिथल्या एका कारखान्यात १९८८ साली एच-ॲसिड तयार होऊ लागले. कापडाच्या रंगांसाठी ते लागते. त्याचा गाळ निघाला सुमारे २,४४० टन. तो उघड्यावर टाकला. पावसाबरोबर विष जमिनीत मुरले आणि विहिरींचे पाणी नासले. माणसाला चालेना, गुराला चालेना, पिकालाही चालेना. लोक चिडले, गावात जमावबंदी लागली. १९८९ च्या जानेवारीत कारखाना बंद झाला.

संपले का? कारखान्याला कुलूप लावता येते, जमिनीखालच्या पाण्याला लावता येत नाही. १९९४ मध्ये आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तिथे पाहणी केली. कुंपणाबाहेरची ३५० हेक्टर जमीन खराब झालेली आढळली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्याने घाण केली त्यानेच भरून द्यावे. तरी २०११ साली न्यायालयाला पुन्हा बजवावे लागले, की ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये आणि त्यावर दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज भरा. म्हणजे विहिरी नासल्यापासून २३ वर्षे झाली होती!

आम्ही ही गोष्ट का सांगतो? उद्या आपल्या विहिरीचे पाणी बिघडले किंवा आटले, तर साहेब पहिला प्रश्न विचारील, ‘आधी पाणी कसे होते? किती होते? कारखान्याचेच पाणी तुमच्याकडे येते कशावरून?’ आपण काय दाखवणार? कपाशीला किती खत घातले ते आपल्याला तोंडपाठ असते. विहिरीत पाणी किती खोल आहे, ते मात्र कोणी लिहून ठेवीत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की विहिरीची वही घाला.

कारखान्याभोवतालच्या तीन विहिरी निवडा. तिन्ही एका रेषेत नकोत, त्रिकोणात हव्यात. प्रत्येकीच्या काठावर रंगाची पक्की खूण करा. वजन बांधलेली फीत सोडून त्या खुणेपासून पाणी किती खोल आहे ते मोजा. सकाळी, मोटार सुरू होण्याआधी, तिन्ही विहिरी एकाच दिवशी मोजा.

पण नुसत्या खोलीवर जाऊ नका, तिथेच फसगत होते. पाणी कुठून कुठे जाते ते कळायला खुणांची उंचीही हवी. पाणलोटाच्या कामावर समतल रेषा आखणारा माणूस दुर्बिणीने ती काढून देईल. समजा, कारखान्याच्या विहिरीची खूण १०० मीटर धरली. चढावरच्या विहिरीची १०४ आली, उतारावरच्या विहिरीची ९६. पाणी अनुक्रमे ११, १४ आणि ९ मीटर खोल आहे. आता वजाबाकी करा. चढावर ९०, कारखान्यात ८९, उतारावर ८७. चढावरचे पाणी सर्वांत खोल दिसते, पण तेच सर्वांत उंचावर आहे! पाणी उंचाकडून सखलाकडे जाते. म्हणजे कारखान्याखाली जे मुरेल, त्याचा कल उतारावरच्या विहिरीकडे.

आता कारखान्याने मोठा पंप लावला आणि त्याचे पाणी १४ मीटरवर गेले. म्हणजे ८६. ते आपल्या ८७ च्या खाली उतरले. आता आपलेच पाणी त्याच्याकडे वळणार. घाण कदाचित येणार नाही, पण विहीर आटेल. म्हणून एकदा मोजून भागत नाही. दर महिन्याला मोजा. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर तर चुकवूच नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे. पाणी मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून वाट काढते, सरळ रेषेत जात नाही. तीन विहिरींवरून दिशेचा अंदाज येतो, शेवटचा शब्द नव्हे. आणि पातळी म्हणजे शुद्धता नव्हे. पाणी चांगले आहे तेव्हाच प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो कागद वहीत चिकटवा. बिघडल्यावर तपासलेल्या पाण्याला तुलना कशाशी करणार?

सरकारकडेही नोंदी असतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे परवाना घेऊन पाणी उपसणाऱ्या कारखान्याला मीटर बसवावा लागतो. ते आकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागा. आपली वही आणि त्यांचे आकडे शेजारी ठेवा. फरक दिसला तर विचारा.

आम्ही कारखान्याच्या विरोधात नाही. आपल्या पोरांना कामही हवे आहे. पण ज्वारीचा एक पाऊस चुकला तर वर्ष जाते, विहीर नासली तर पिढी जाते. दोनशे पानांची वही आणि फीत, खर्च तो किती? पुढच्या बैठकीला येताना नुसती तक्रार आणू नका. वही आणा.