राज्य बदलतें तेव्हां पेन्शनचें काय होतें ?

एखादा प्रांत मोठ्या राज्यापासून अलग होऊन स्वतंत्र झाला म्हणजे त्याचें निशाण बदलतें, टपालाचीं तिकिटें बदलतात, नाण्यांवरील मुद्रा बदलते. या सर्वांचा उत्सवही होतो. परंतु त्याच प्रांतांतील खेड्यांत सत्तरी ओलांडलेली जी वृद्धा दर शुक्रवारीं टपालकचेरींतून आपले ठराविक पैसे घेऊन येते, तिच्यापुढें निराळाच प्रश्न असतो. येत्या शुक्रवारीं पैसे मिळतील ना ? आणि मिळाले तरी तितकेच मिळतील ना ?

हा प्रश्न आयर्लंडनें प्रत्यक्ष अनुभवला. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या कथा महाराष्ट्रांत आवडीनें वाचल्या गेल्या. डी व्हॅलेराचें नांव तर घरोघर परिचित होतें. त्या युद्धानंतर म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनचें काय झालें, ही हकीकत मात्र फारशी कोणी सांगितली नाहीं.

आयर्लंड ब्रिटिश राज्याचा भाग असतांना, १९०८ सालीं, पार्लमेंटनें वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला व १ जानेवारी १९०९ पासून तो अंमलांत आला. वय सत्तर पूर्ण असावें आणि उत्पन्न अगदीं तुटपुंजें असावें, एवढ्या मुख्य अटी पुऱ्या करणाऱ्यास आठवड्याला ५ शिलिंग मिळूं लागले. आतां सत्तर वर्षांचा पुरावा आणावयाचा कोठून ? आयर्लंडांत जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली तीच मुळीं १८६४ सालीं. तेव्हां वृद्धांनीं सांगितलें कीं, ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं जें भयंकर वादळ झालें तें आम्हांस आठवतें ! अधिकाऱ्यांनींही तें पुष्कळदां मान्य केलें. आपल्याकडील आजीबाई दुष्काळाच्या किंवा प्लेगाच्या सालावरून वय सांगत, त्यांतलाच हा प्रकार. त्या वादळाची आठवण असणारीं माणसें अपेक्षेपेक्षां बरींच अधिक निघालीं, हें सांगावयास नकोच.

या पेन्शनसाठीं कोणीं वर्गणी भरलेली नव्हती, आणि कोणाच्या नांवें लंडनमध्यें पेटींत पैसे ठेवलेले नव्हते. त्या वर्षीं जमा झालेल्या करांतून त्या वर्षींचें पेन्शन दिलें जाई. आईबाप मुलांच्या मिळकतीवर म्हातारपण काढतात, तीच रीत येथें सरकारच्या हातून चालली होती. १९१९ सालीं पेन्शनची रक्कम १० शिलिंगांपर्यंत वाढली. दक्षिणेकडील सव्वीस परगणे ६ डिसेंबर १९२२ रोजीं 'आयरिश फ्री स्टेट' झाले, तेव्हां हें सर्व ओझें डब्लिनच्या नव्या तिजोरीवर आलें.

ही तिजोरी भरलेली नव्हती. नुकतें यादवी युद्ध होऊन रेल्वेचे पूल, रस्ते, इमारती यांची नासधूस झाली होती. शिवाय आयर्लंडचें एक जुनें दुखणें होतें. तेथील तरुण पिढ्यान् पिढ्या अमेरिकेस व इंग्लंडास जात राहिले. वृद्ध मात्र घरीं राहिले. कर देणारे थोडे आणि पेन्शन घेणारे पुष्कळ, असा हा हिशेब होता. एका अफाट राज्याच्या जमाखर्चांत तो खपून जाई. लहान राज्याच्या वहींत तो उघडा पडला.

अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइथ यांनीं जमाखर्चाचीं तोंडें मिळविण्याचा निश्चय केला. प्राथमिक शिक्षकांचे पगार शेंकडा दहा कमी झाले आणि १९२४ च्या कायद्यानें वृद्धांच्या पेन्शनमधून आठवड्याला एक शिलिंग कापला गेला. १० चे ९ झाले. उत्पन्नाच्या अटीही अधिक कडक झाल्या. ब्लाइथ हे दुष्ट गृहस्थ नव्हते. ज्या राज्याची पत अजून बसावयाची आहे त्याला कर्ज कोण देणार, ही त्यांची चिंता खोटी म्हणतां येणार नाहीं. तरीही सत्तर वर्षांच्या माणसाच्या चहासाखरेंतून ही पत उभारावी, हें न्यायाचें होतें असें म्हणवत नाहीं. उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटिश राज्यांतच राहिले होते. तेथील म्हाताऱ्याला १० शिलिंग मिळत, आणि सरहद्दीच्या अलीकडे, त्याच वाऱ्यापावसांत राबलेल्या त्याच्या भावाला ९. कापलेला शिलिंग १९२८ सालीं परत मिळाला, पण लोकांच्या मनांतून तो गेला नाहीं. १९३३ च्या निवडणुकींत ब्लाइथ पडले. पराभवास इतरही कारणें होतीं. तथापि आजही आयर्लंडांत त्यांचें नांव निघालें कीं तो शिलिंग निघतोच.

सरकारी नोकरांची गोष्ट याहून अगदीं निराळी झाली. ६ डिसेंबर १९२१ च्या तहांतील दहावें कलम त्यांच्यासाठींच होतें. राज्यबदलामुळें ज्या न्यायाधीशांना, अधिकाऱ्यांना व पोलिसांना नोकरी सोडावी लागेल, त्यांना योग्य मोबदला द्यावा, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. पुढें आकारणीवरून तंटा झाला, तेव्हां कांहीं अधिकारी थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२७ सालीं तेथें जिंकले. विसर्जित केलेल्या जुन्या पोलीसदलाचें पेन्शन लंडन देई व त्याचा मोठा वांटा डब्लिनकडून वसूल करी. १९३२ सालीं डी व्हॅलेरांनीं जमिनीच्या हप्त्यांबरोबर हीही भरपाई थांबविली. इंग्लंडनें आयरिश गुरांवर जबर जकात बसविली, आणि हें भांडण १९३८ सालीं १ कोटी पौंडांच्या एकरकमी फेडीवर मिटलें. या सहा वर्षांत मार बसला तो गुरें पाळणाऱ्या शेतकऱ्याला. म्हाताऱ्या पोलिसाचें पेन्शन लंडनहून चालूच राहिलें.

हिंदुस्थानांतही कागदावर नांव असणाऱ्यांचें असेंच झालें. निवृत्त होऊन विलायतेस परतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठीं हिंदुस्थान सरकारनें १९४८ च्या करारान्वयें आपल्या स्टर्लिंग शिलकेंतून सुमारें १६ कोटी ८० लाख पौंड इंग्लंडला एकदम देऊन टाकले. त्या अधिकाऱ्यांमागें संघटना होत्या, पार्लमेंटांत बोलणारे सभासद होते. वादळाच्या रात्रीची साक्ष देणाऱ्या आयरिश वृद्धेमागें तहाचें कोणतें कलम होतें ?

स्कॉटलंडनें स्वतंत्र व्हावें कीं नाहीं यावर १८ सप्टेंबर २०१४ रोजीं मतदान झालें, तेव्हां घरोघर हाच विषय निघाला. या वेळचें पेन्शन वर्गणीवरचें होतें. जन्मभर राष्ट्रीय विम्याचे पैसे कापून दिलेले होते. त्यामुळें आपला पैसा लंडनमध्यें शिल्लक आहे, तो कोठें जातो, असें पुष्कळांस वाटे. वास्तविक आजच्या कामकऱ्यांची वर्गणी आजच्या पेन्शनरांनाच वांटली जाते. शिल्लक म्हणावी अशी फारशी नसतेच. स्वतंत्र झाल्यास पेन्शन पूर्ण व वेळेवर देऊं, असें एडिंबरोच्या सरकारनें नोव्हेंबर १९१३ नव्हे, २०१३ च्या आपल्या पुस्तकांत लिहून दिलें होतें. विरोधक विचारीत कीं, तुमच्याकडे म्हातारे अधिक वेगानें वाढणार, मग देणार कोठून ? शंभर वर्षांपूर्वींचा डब्लिनचा हिशेब पुन्हां पाटीवर आला होता. मतें मोजलीं गेलीं तेव्हां शेंकडा ५५ नकाराचीं निघालीं, आणि मागाहून झालेल्या पाहणींत वृद्धांचा कल नकाराकडे सर्वांत अधिक दिसला. तेथील म्हाताऱ्यांचें पेन्शन पूर्वींप्रमाणें लंडनच्याच तिजोरींतून येत राहिलें.