वॉरियर्स, नरू आणि राहुल : घरी पोचायची गोष्ट

मी बोलतोय कुडपणहून, म्हणजे पोलादपूर तालुक्यातून. आज एका जुन्या इंग्रजी पिक्चरबद्दल बोलूया : ‘द वॉरियर्स’. १९७९ चा, दिग्दर्शक वॉल्टर हिल.

स्टोरी एका रात्रीची. न्यूयॉर्कमधल्या सगळ्या गँगांना सायरस नावाचा पुढारी ब्राँक्समध्ये बोलावतो. त्याचा हिशेब सोपा : आपण ६० हजार, पोलीस २० हजार, एकत्र आलो तर शहर आपलं. तेवढ्यात त्याला गोळी लागते आणि आळ येतो वॉरियर्सवर. मग काय, अख्खं शहर मागे लागलेलं आणि या पोरांना लोकल ट्रेनने पार कोनी आयलंडला, आपल्या घरी पोचायचंय. बस, एवढंच.

हे मूळ लय जुनं आहे बरं का. सोल युरिकच्या १९६५ च्या कादंबरीवरून पिक्चर निघाला आणि ती कादंबरी बेतलीय झेनोफनच्या ग्रीक पुस्तकावर. परक्या मुलखात अडकलेले भाडोत्री सैनिक घरी परततात, ती ही गोष्ट.

आता आपल्याकडे या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखाच्या आसपास कामगार उतरले. त्यात आपल्या कोकणातले किती होते, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पगार थांबले, पुढे गिरण्याही बंद पडत गेल्या. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली काढलेल्या ‘लालबाग परळ’मध्ये हेच आहे. बाप गिरणीतला, पोरगा नरू टोळीत. पुढे २०१८ ला प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. तिथे गिरणीच्या जागी जमीन. ती विकली, पैसा संपला आणि राहुल भाई झाला.

फरक बघा. वॉरियर्सची जाकिटं, तोंडं रंगवलेल्या गँगा, सगळं कॉमिकसारखं. आपले दोन्ही पिक्चर मात्र सांगतात की टोळी काही आभाळातून पडत नाही. आधी काम जातं, मग बापाचा मान जातो. तेवढ्यात कुणीतरी खांद्यावर हात ठेवून ‘ये रे’ म्हणतो. त्या ‘ये रे’ची किंमत नंतर कळते.

आणि आपण रील कशाची बनवतो? भाईच्या एन्ट्रीची. शेवटाची कुणी बनवत नाही.

वॉरियर्सच्या शेवटी पहाट होते. स्वॉन आपला कळकट एरिया बघतो आणि म्हणतो, रात्रभर लढलो ते यासाठी? मला वाटतं, पिक्चरचा खरा प्रश्न हाच आहे. गणपतीला, शिमग्याला गाडी भरून येणाऱ्या आपल्या मुंबईकर पोरांना परतून यावंसं वाटेल असं गावात काय ठेवलंय आपण? काम आहे का? नसेल, तर ‘ये रे’ म्हणणारा दुसरा कुणी आहेच.

तिन्ही पिक्चर बघा, पण शेवटपर्यंत बघा. मग बोलू. येतो!