शहराची तिजोरी आणि जिल्ह्याचा हक्क

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राज्याचे अंदाजपत्रक विधिमंडळात मांडले गेले की दोन तक्रारी हटकून कानावर येतात. खामगावच्या बाजार समितीत आणि मेहकरच्या बसस्थानकावर म्हटले जाते की, सगळा पैसा मुंबईने गिळला. मुंबईत म्हटले जाते की, कर आम्ही भरायचा आणि त्यावर राज्य मात्र इतरांनी चालवायचे. दोन्ही तक्रारींत सत्याचा अंश आहे आणि दोन्हींचा उपयोग खरा प्रश्न झाकून ठेवण्यासाठी होत आला आहे. सार्वजनिक पैशावरील कोणाचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, आणि कोणाला तो वर्षानुवर्षे विनंतीअर्ज करून मागावा लागतो, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईचा द्वेष करण्याची आवश्यकता नाही. हिशेब मात्र नीट मांडावा लागेल.

प्रथम मुंबईच्या दाव्याचा विचार करू. मुंबई कर भरते हे खरे. परंतु ज्या संपत्तीवर तो कर बसतो ती केवळ मुंबईच्या हद्दीत निर्माण झाली काय? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा सुरू झाला, तो मुख्यतः खामगावच्या बाजारातील कापूस मुंबई बंदरात लवकर पोहोचावा म्हणून. मुंबईची गोदी, तेथील गिरण्या, दलाली आणि विमा यांचा पाया ज्या कापसावर घातला गेला, त्यात या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीचा आणि ती कसणाऱ्यांच्या श्रमांचा वाटा आहे. आजही चिखलीच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या साबणावरचा किंवा खतावरचा नफा कंपनीच्या मुंबईतील मुख्य कार्यालयाच्या वहीत जमा होतो आणि त्यावरचा प्राप्तिकर मुंबईच्या नावे मोजला जातो. तेव्हा कर कोठे भरला गेला यावरून तो कोणाच्या कष्टातून आला हे ठरत नाही.

आता जिल्ह्याच्या तक्रारीकडे तितक्याच कठोरपणे पाहिले पाहिजे. मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचा खर्च ३७ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. किनारी रस्त्यासाठी मुंबई महापालिकेने सुमारे १३ हजार कोटी रुपये खर्च केले. हे आकडे ऐकून डोळे विस्फारतात. तथापि मेट्रोच्या खर्चाचा मोठा भाग जपानी अर्थसाह्य संस्थेच्या कर्जातून उभा राहिला आणि किनारी रस्ता महापालिकेच्या स्वतःच्या पैशातून झाला. ही कामे झाली नसती तर तेच पैसे संग्रामपूरच्या पाणीपुरवठ्याला मिळाले असते, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. शिवाय मुंबई म्हणजे केवळ किनारी रस्त्यावरून मोटार हाकणारे लोक नव्हेत. मोटाळ्याच्या कोरडवाहू शेतातून उठून बांधकामावर गेलेला मजूरही तेथे राहतो, आणि त्याच्या वस्तीत पाण्यासाठी रांग असतेच. शहरातील गरिबाला मिळणारी सोय ही खेड्यातील गरिबावरील अन्याय ठरत नाही.

मग अन्याय कोठे आहे? तो आकड्यांच्या मागील व्यवस्थेत आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबई महापालिकेची जकात संपली. जकात हा तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. त्यामुळे राज्य विधिमंडळाने कायदा करून महापालिकांना नुकसानभरपाईची हमी दिली, आणि ही रक्कम दरवर्षी ८ टक्क्यांनी चक्रवाढ पद्धतीने वाढेल अशी तरतूद केली. ती भरपाई राज्याच्या तिजोरीतून जाते. त्या तिजोरीत लोणारच्या शेतकऱ्याने विकत घेतलेल्या सिमेंटच्या पोत्यावरचा करही असतो. पाऊस पडो न पडो, मंत्रिमंडळ बदलो न बदलो, हा पैसा वाढत्या मानाने पोहोचतो, कारण तो कायद्याने द्यावयाचा आहे. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांवर गेले, त्यामागे अशा खात्रीच्या उत्पन्नाचे बळ आहे.

याउलट बुलढाणा जिल्ह्यातील नगरपरिषदांची स्थिती पाहावी. नगरपरिषदांची जकात महापालिकांच्या कितीतरी आधी, १९९९ साली, रद्द झाली. तिच्या बदल्यात सहायक अनुदान मिळते. त्याचा बहुतांश भाग कर्मचाऱ्यांच्या पगारावर खर्ची पडतो. रस्ता, गटार, वाचनालय यांसाठी नगराध्यक्षाला मुंबईच्या मंत्रालयात खेटे घालावे लागतात आणि मिळालेला निधी कोणत्या आमदाराने आणला याचे फलक चौकात लागतात. जिल्हा परिषदेचेही तेच. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा सत्ता मंत्रालयातून जिल्ह्यात येईल अशी आशा होती. प्रत्यक्षात कामे जिल्ह्याकडे आली आणि तिजोरीची किल्ली मंत्रालयात राहिली. महानगराला भरपाई आणि जिल्ह्याला मेहेरबानी, असा हा भेद आहे.

हा भेद मिटविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निरनिराळ्या विभागांवर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे वचन होते. १९५६ साली राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. ती मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले. मधल्या काळात वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये असल्याचे दाखविले. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटींचा होता. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा एकूण अनुशेष १४,००६ कोटींवर आणि विदर्भाचा ६,६२४ कोटींवर गेलेला आढळला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

या साऱ्या प्रवासात बुलढाणा जिल्ह्याने एक महत्त्वाचा धडा शिकविला आहे. सिंचनाचा आर्थिक अनुशेष संपल्याचे जाहीर झाले, तरी अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांत भौतिक अनुशेष उरला. म्हणजे ठरलेले रुपये खर्च झाले, पण ठरलेली जमीन भिजली नाही. अनुशेष एका विशिष्ट वर्षाच्या किमतींनी रुपयांत मोजला गेला. पुढे सिमेंटचे, पोलादाचे आणि भूसंपादनाचे दर वाढत गेले. नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प नव्वदीच्या दशकात हाती घेतला गेला. काही शे कोटींचा हा प्रकल्प १३ हजार कोटींच्या पुढे गेला. धरणासाठी गावे उठविण्याचे दुःख आधी वाट्याला आले आणि पाण्याची वाट पाहणे नंतर. खारपाणपट्ट्यातील ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला खारे पाणी लागते, त्याला किती कोटी खर्च झाले याचे समाधान देऊन काय उपयोग? आणि या विलंबाचे सगळे खापर मुंबईवर फोडता येणार नाही. प्रकल्पाचे अंदाज वारंवार वाढत असताना जिल्ह्यातील पुढाऱ्यांनी जाब विचारावयास हवा होता. ‘मुंबई देत नाही’ हे वाक्य कित्येकदा स्थानिक अपयशाचे पांघरूण झाले आहे.

शहराची तिजोरी आणि खेड्यातील श्रमिकाचा हक्क यांची कायद्याने सांगड घातली गेल्याचे एक मोठे उदाहरण मात्र याच महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लक्षावधी माणसे आली. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून जमलेला हा कर रोजगार हमी निधीत जावा आणि राज्याने त्यात तितकीच भर घालावी, अशी ती रचना होती. फोर्टमधील कार्यालयात पगार घेणारा कारकून आणि दुष्काळात खडी फोडणारी बुलढाण्याची मजूर स्त्री एकाच खात्याने जोडले गेले. त्या स्त्रीला कोणाच्या शिफारशीची गरज नव्हती. काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, हे शासनावर बंधनकारक होते.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. हजेरीपटावर खोटी नावे लागली, मजुरी थकली, आणि अनेक वर्षे निधीची रक्कम योजनेवरील खर्चाहून मोठी राहिली. पुढे मनरेगा आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा संमत केला आणि खर्चाचा ४० टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकला. म्हणजे शहराकडून गोळा होणाऱ्या कराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय कराची कमाल मर्यादा १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपयांवर रोखून धरली आहे. महिना वीस हजार मिळविणारा पुरुष कामगार जितका कर देतो, तितकाच वीस लाख मिळविणारा कंपनीचा संचालक देतो. ही मर्यादा वाढवून कर उत्पन्नाच्या प्रमाणात लावावा, अशी मागणी महाराष्ट्राने संसदेकडे केली पाहिजे. हे शहराविरुद्धचे पाऊल ठरणार नाही; शहरातल्या कामगारालाही त्यातून न्याय मिळेल.

या चर्चेतून तीन मागण्या निघतात. पहिली, महापालिकांना जशी वाढत्या दराची कायदेशीर हमी आहे तशीच नगरपरिषदांना व जिल्हा परिषदांना मिळावी. दुसरी, अनुशेषाचा हिशेब रुपयांत न ठेवता भिजलेल्या हेक्टरांत, गोड्या पाण्याच्या नळांत आणि दिलेल्या कामाच्या दिवसांत ठेवावा, आणि तो दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचला जावा. तिसरी मागणी मुंबई आणि बुलढाणा यांना समान आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. हजारो कोटींचा खर्च प्रशासकाच्या सहीने झाला. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्हा परिषदेचीही मुदत संपून तेथेही प्रशासक आला. दादरचा मतदार आणि देऊळगाव राजाचा मतदार, दोघांनाही आपल्या पैशाचा जाब विचारण्याची जागा उरली नाही. स्थानिक निवडणुका मुदतीत घेणे शासनावर बंधनकारक आहे. ते बंधन मोडण्याची सोय कोणत्याही सरकारला असता कामा नये.

मुंबईने अधिक भरले आणि बुलढाण्याला अधिक मिळाले, तर त्यात उपकार कोणाचा नाही. एकाच राज्यातील नागरिकांमधील तो न्यायाचा व्यवहार आहे. असा व्यवहार मंत्र्यांच्या आश्वासनांवर चालत नाही, तो कायद्याच्या पुस्तकात लिहून घ्यावा लागतो. तो लिहून घेण्यासाठी खामगावच्या हमालाने आणि मुंबईच्या कामगाराने एकमेकांचा हिशेब समजून घेणे, हे यापुढील कामातील पहिले काम आहे.