कळपाचा बाप



आज शेळ्यांविषयी थोडे बोलायचे आहे. खरे म्हणजे शेळीविषयी नव्हे, बोकडाविषयी. शेळी आपण पारखून घेतो. बाजारात तिची कास पाहतो, सड चाचपतो, दात मोजतो, मालकाला दहा प्रश्न विचारतो. पण तिला बोकड कोणता दाखवायचा? तिथे आपण म्हणतो, "असेल तो चालेल. गावात फिरतोयच की एखादा!"

हा 'एखादा' कोण असतो, ते जरा पाहू.

समजा, एका घरी सहा शेळ्या आहेत. त्यांना पाच नर करडे झाली. त्यांतले एक अंगाने भरले, चपळ निघाले. व्यापारी दारात आला की त्याच्यावरच बोट ठेवतो. भाव चांगला सांगतो. घरात नड असते. ते गेले. महिन्याने दुसरे गेले. बकरी ईदच्या आधी तिसरे गेले. चौथे जत्रेला गेले. मागे राहिले पाचवे. ते का राहिले? कोणी घेतले नाही म्हणून! पाय काटकीसारखे, पाठ वाकलेली, पोट तेवढे मोठे. आणि हेच पुढे सगळ्या शेळ्यांवर जाते. चांगला तेवढा खाटकाकडे, वाईट तेवढा बीजाला! जोंधळ्याचे बी ठेवताना असे कोणी करील का? तिथे आपण टपोरी कणसे निवडून आढ्याला बांधतो. शेरडांच्या बाबतीत मात्र उलटा कारभार. मग दहा वर्षांनी आपणच म्हणतो, "पूर्वीसारखी शेरडं राहिली नाहीत."

आता थोडे गणित. मी मास्तर, गणिताशिवाय मला राहवत नाही. एक शेळी वर्षाला दोन, फार तर तीन करडे देते. वीस शेळ्यांमागे एक बोकड असला, तर वर्षाची तीस-चाळीस करडे त्याचीच. प्रत्येक करडात निम्मे आईचे, निम्मे बापाचे. शेळी वाईट निघाली तर तिचीच करडे वाईट होतील. बोकड वाईट निघाला तर सगळा कळप बिघडेल.

मग बोकड निवडायचा कसा?

आधी जात पाहा. आपल्या हवेत, आपल्या चाऱ्यावर टिकलेली जात बरी. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या भागांत काळी उस्मानाबादी. (जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळी उस्मानाबादीच राहिली.) संगमनेर, नाशिक, पुणे या बाजूला संगमनेरी. विदर्भात बेरारी. सिंधुदुर्गात कोकण कन्याळ. लांब कानांचा परका बोकड दिसायला ऐटबाज असतो, पण ऐटीवर पोट भरत नाही.

जातीनंतर बोकडाची आई पाहा. बोकड पाहण्याआधी आई! ती जुळी देते का? दरवेळी देते का? दोन्ही करडे जगवण्याइतके दूध तिला आहे का? हे गुण बोकडाच्या अंगावर दिसत नाहीत, पण त्याच्या रक्तात असतात. पुष्कळांना वाटते, जुळ्यातला बोकड लावला की शेळीला लगेच जुळे होईल. तसे होत नाही. शेळीला किती करडे होतील ते तिच्या पोटात किती बीजे सुटतात त्यावर ठरते. बोकडाचा गुण दिसतो तो त्याच्या लेकींत. पाटी मोठ्या होऊन व्यायला लागल्या की मग कळते.

करडू नर होईल की मादी, हे मात्र बोकडाकडून ठरते, शेळीकडून नव्हे. माणसांतही तसेच आहे. तिथेही आईकडे दोष नाही. हे सासूबाईंनी ऐकून ठेवावे. गंमत पाहा, गोठ्यात पाट झाली की आपण खूश होतो!

आणखी एक फसगत होते. एकटे जन्मलेले करडू तीन महिन्यांचे झाले की जुळ्यापेक्षा थोराड दिसते. कारण उघड आहे. आईचे सगळे दूध त्याला एकट्याला मिळाले. म्हणून नुसते वजन पाहू नका. अर्ध्या दुधावर वाढूनही जे जुळे एकट्याच्या जवळपास पोचले, ते अधिक कसाचे समजावे.

पण हे सारे लक्षात कसे राहणार? इथे तुमचे लिहिणे-वाचणे उपयोगी पडते. एक वही करा. प्रत्येक शेळीला एक पान द्या. असे लिहा : "चांदी. काळी, कपाळावर ठिपका. दोन करडे, एक नर, एक पाट. नर अडीच किलो. बाप वरच्या आळीचा." तीन महिन्यांनी पुन्हा तोला आणि वजन त्याच पानावर लिहा. दोन वर्षांत ही वही गावातल्या कोणत्याही दलालापेक्षा जास्त सांगू लागेल.

मग बोकड उभा करून पाहा. छाती रुंद, पाठ सरळ, अंग लांब. चालवून पाहा. मागचे पाय सरळ पडले पाहिजेत, कारण शेळीवर चढताना सारा भार त्यांच्यावर येतो. तोंड उघडा. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. वरच्या बाजूला पुढे दात नसतात, नुसती कठीण हिरडी असते. खालचे दात त्या हिरडीला नीट टेकले पाहिजेत. जबडा पुढे-मागे असेल तर त्याला चरता येत नाही, आणि तो दोष करडांत उतरू शकतो. मधले दोन दुधाचे दात पडून मोठे दोन आले असतील, तर वय साधारण सव्वा वर्षाच्या पुढे आहे.

आता लाज बाजूला ठेवून हात खाली घाला. दोन्ही वृषणे सारखी, भरीव, पिशवीत उतरलेली पाहिजेत. एकच असेल, किंवा एक लहान, एक मोठे असेल, तर तो बोकड सोडून द्या. मालक कितीही शपथा घेवो. शेवटी माजावरच्या शेळीजवळ नेऊन पाहा. सुस्त उभा राहिला तर काय कामाचा?

नर करडू चार-पाच महिन्यांचे झाले की शेळीवर उडू लागते. म्हणून ते कामाला तयार झाले असे नाही. दीड वर्षापर्यंत दमाने घ्या. पुढे वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. कामाच्या दिवसांत त्याला मूठ-दोन मुठी धान्य जास्त द्या.

आता नात्याची गोष्ट. बोकड लावल्यावर पाच महिन्यांनी पाटी जन्मतात. त्या आठ-दहा महिन्यांत माजावर येतात. बेरीज करा. सव्वा वर्ष झाले की बाप आणि लेकी एका कळपात नकोत. बाप लेकीवर गेला तर करडे अशक्त होतात, मरतात, दबलेले दोष वर येतात. तेव्हा बोकड शेजारच्या गावच्या बोकडाशी बदला. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवरही पैदाशीचे बोकड मिळतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

बदलताना रक्त मात्र तपासून घ्या. सांसर्गिक गर्भपाताचा रोग बोकडाबरोबर येऊ शकतो. शेळ्या गाभडतात. पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलला तर माणसालाही तो रोग होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात. असा गर्भ हातांना पिशवी बांधून उचला, खोल पुरा, हात साबणाने धुवा.

कोणी म्हणेल, "मास्तर, हे खरं. पण चांगलं करडू दीड वर्ष न विकता ठेवायला आमच्याकडं पैसा कुठाय?" प्रश्न रास्त आहे. तीन शेळ्यांच्या घराने एकट्याने बोकड पाळूच नये. सात-आठ घरांनी मिळून एक पाळावा. ज्याचे करडू, त्याला त्या दिवशीचा बाजारभाव सगळ्यांनी वाटून द्यावा. चारा पाळीपाळीने द्यावा. बाहेरची शेळी आली तर फी घ्यावी. ती वहीत लिहावी, म्हणजे भांडण नको. काम संपल्यावर बोकड विकला तरी त्याचे वजन कुठे जात नाही.

आणि एवढे करून गावात ते पाचवे करडू मोकळे फिरत राहिले, तर सगळा खर्च वाया! रात्री कोण कोणावर गेले ते कळतही नाही. म्हणून तिसरा महिना संपला की नर करडे वेगळी बांधा. नको असतील ती दवाखान्यात नेऊन खच्ची करून घ्या. हल्ली चिमट्याने करतात. चाकू लागत नाही, रक्त येत नाही, आणि संध्याकाळी करडू पुन्हा पाला ओरबाडू लागते.