मान्सून म्हणजे काय?



जून लागला की रेडिओ सांगतो, "मान्सून केरळात आला." आपण सूरजागडला बसून ते ऐकतो आणि वर पाहतो. आभाळ तर कोरडे! मग आपण म्हणतो, रेडिओ खोटे बोलतो. पण रेडिओ खोटे बोलत नाही. आपल्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो, एवढेच.

मान्सून हा शब्द इंग्रजीतून आला. पण तो मूळचा इंग्रजांचा नाही, अरबांचा आहे. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. पूर्वी अरब खलाशी शिडाच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर व्यापाराला येत. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून वाहतो. हिवाळ्यात तो उलटा फिरतो. एका वाऱ्याने यायचे, दुसऱ्याने परत जायचे. जहाज हाकारायच्या त्या काळाला ते मौसिम म्हणत.

१४९८ साली पोर्तुगीज कालिकतला आले. त्यांनी हा शब्द उचलला आणि आपल्या तोंडी बसेल तसा बदलला. पुढे तो इंग्रजांकडे गेला आणि मान्सून झाला. तोच अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला, तो 'मोसम'. आंब्याचा मोसम आपण म्हणतोच की! म्हणजे मान्सून आणि मोसम हे सख्खे भाऊ. घर एक, वाटा दोन.

तर मान्सून म्हणजे नुसता पाऊस नव्हे. तो ठरल्या काळी येणारा वारा आहे. पाऊस तो संगे आणतो. १ जूनच्या सुमारास तो केरळात शिरतो. आपल्याकडे पोचायला जूनचा मध्य उजाडतो. कधी लवकर, कधी उशिरा.

त्याआधी एखादी वळवाची सर येते. ती मान्सून नव्हे. तिला भुलून धानाचे पऱ्हे टाकले आणि पुढे ऊन तापले, तर बी वाया जाते. दुसऱ्यांदा बियाण्याला पैसा कोठून आणायचा? म्हणून जमीन खोल भिजू द्यावी, मग बी टाकावे.

आणखी एक. पुरात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढून भामरागडची वाट अनेकदा तुटली आहे. हवामान खात्याने 'लाल इशारा' दिला, तर भरला नाला ओलांडू नये. बाजार उद्याही भरेल, गेलेला माणूस परत येत नाही.

शब्द वाचता आला, हे चांगले झाले. त्याचा अर्थ कळला, तर बी वाचते आणि जीवही वाचतो.